फार्मवरची सफरचंदं: झाडापासून ताटापर्यंत, योग्य क्रमानं

सप्टेंबर उजाडला की न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या पट्ट्यातली मराठी घरं ॲपल पिकिंगचे, म्हणजे फार्मवर जाऊन स्वतः सफरचंदं तोडण्याचे, बेत आखू लागतात. पिशव्या भरभरून येतात. दोन-तीन आठवड्यांत त्यातली बरीच फळं मऊ, पिठूळ होतात. मग त्यांची साल काढली जाते, रस काढला जातो, उरलेली टाकून दिली जातात. ज्या ताजेपणासाठी आणि ज्या गुणांसाठी एवढ्या लांब गेलो, ते घरातच वाया जातात.

याचं मूळ आपल्या एका जुन्या सवयीत आहे. आंबा आपण कच्चा उतरवतो आणि अढीत, उबेत पिकवतो. सफरचंद झाडावरच पिकून येतं आणि घरी आणल्यावर त्याचं पुढचं पिकणं रोखायचं असतं. टोपलीत रचून ओट्यावर ठेवलेलं सफरचंद रोज थोडं थोडं उतरत जातं. खालचे सगळे टप्पे या एका फरकावर उभे आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नका.

टप्पा १: वाण आधी ठरवा, तारीख नंतर

बहुतेक जण उलटं करतात. मोकळा शनिवार बघतात, फार्मवर पोचतात आणि जे झाडावर असेल ते तोडतात. सगळी सफरचंदं एकाच वेळी तयार होत नाहीत. ईशान्य अमेरिकेत साधारण असा क्रम असतो:

- ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा: पॉला रेड, जिंजर गोल्ड. चव छान, पण टिकत नाहीत.
- सप्टेंबरचा मध्य: मॅकिंटॉश, गाला, हनीक्रिस्प.
- सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात: कॉर्टलंड, एम्पायर, मॅकाऊन, जोनागोल्ड, गोल्डन डिलिशस.
- ऑक्टोबरचा मध्य आणि पुढे: मुत्सू, नॉर्दर्न स्पाय, फुजी, ग्रॅनी स्मिथ.

दक्षिण न्यू जर्सीत हाच क्रम थोडा लवकर सुरू होतो, व्हरमाँट-न्यू हॅम्पशायरकडे थोडा उशिरा. हवामानही दरवर्षी गणित बदलतं. मे २०२३ मध्ये मोहर येऊन गेल्यावर कडक थंडी पडली आणि न्यूयॉर्कपासून व्हरमाँटपर्यंत अनेक बागांचं पीक गेलं. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका.

वाण निवडताना एक साधा नियम पुरतो. लवकर येणारी, पातळ सालीची फळं लगेच खायला, आणि उशिरा येणारी, जाड सालीची, कडक फळं साठवायला. डिसेंबरपर्यंत घरचं सफरचंद खायचं असेल तर सप्टेंबरच्या गर्दीत जाण्यापेक्षा ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा. तेव्हा गर्दीही कमी असते, आणि माझ्या मते फळही अधिक चांगलं मिळतं.

*तपासा:* निघायच्या दिवशी सकाळी फार्मचा ध्वनिमुद्रित संदेश ऐका किंवा त्यांचं पान उघडा. आज कोणत्या रांगा उघड्या आहेत, शनिवार-रविवारची तिकिटं आधी घ्यावी लागतात का, पैसे कसे घेतात, हे तिथेच कळतं. गर्दीच्या शनिवारनंतर काही फार्म एखाद-दोन दिवस तोडणी बंद ठेवतात, म्हणजे मागे राहिलेली फळं पिकतात.

टप्पा २: किती आणायची, याचा हिशेब घरीच करा

फार्मवर पिशव्या पेक आणि हाफ बुशेल या मापांत मिळतात. पेक म्हणजे साधारण १० पाउंड, साडेचार किलो, मध्यम आकाराची पंचवीसेक फळं. हाफ बुशेल म्हणजे त्याच्या दुप्पट, पन्नासच्या आसपास.

चार माणसांच्या घरात प्रत्येकानं रोज एक खाल्लं, तर पेक आठवडाभरही पुरत नाही आणि हाफ बुशेल बारा दिवसांत संपतो. हिशेब कागदावर सोपा असतो, पण रोज चौघंही सफरचंद खातात अशी घरं मोजकीच. आधी आपल्या घरी आठवड्याला खरोखर किती फळं संपतात ते बघा, मग फ्रिजचा तळाचा कप्पा उघडून त्यात किती मावतील ते बघा. या दोन आकड्यांपैकी जो लहान, तेवढीच फळं ताजी खाण्यासाठी आणा. त्यापेक्षा जास्त आणायची असतील तर शिजवून ठेवण्याची तयारी आधीच करा (टप्पा ९).

टप्पा ३: कपडे, बूट आणि गोचीड

ही तयारी बहुतेकांना अनावश्यक वाटते, म्हणून मुद्दाम लिहितो. ईशान्य अमेरिकेत लाइम आजार (गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूसंसर्ग) पसरवणारी हरणांवरची गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही सक्रिय असते. बागेच्या कडेचं उंच गवत आणि झाडीची किनार हे तिचं ठिकाण.

लांब पँट, मोजे आणि बंद बूट घाला. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांनाही चपला-सँडलऐवजी बूट घालायला सांगा, कारण जमीन उंचसखल असते आणि दवानं घसरडी होते. घरी आल्यावर दोन तासांच्या आत सगळ्यांनी अंघोळ करावी. मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागच्या बाजूला आणि केसांत नीट बघा. अंगावरचे कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर १० मिनिटं फिरवा.

*सावधान:* पडलेल्या फळांवर आणि गोड पेयांवर गांधीलमाश्या घोंगावतात. मुलांच्या हातात साइडरचा (सफरचंदाच्या रसाचा) उघडा ग्लास देऊन झाडांमध्ये फिरू नका, कारण ग्लासात पडलेली माशी तोंडात डंख करू शकते.

टप्पा ४: झाडापाशी – पिकलेलं फळ ओळखा

लाल रंग बघून फळ तोडणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. वरचा लाल रंग उन्हामुळे आणि वाणामुळे येतो. काही वाण पिकायच्या बरेच आधी लाल होतात. लालीच्या आड जो मूळ रंग असतो, तो बघा. देठाजवळच्या खळग्यात आणि फळाच्या सावलीतल्या बाजूला तो दिसतो. गडद हिरवा असेल तर फळ कच्चं. फिकट हिरव्याकडून पिवळसर झाला असेल तर तयार. (ग्रॅनी स्मिथ हिरवंच राहतं, त्याला हा नियम लावू नका.)

दुसरी खूण म्हणजे हातात येण्याची सहजता. पिकलेलं फळ थोडं वर उचलून फिरवलं की सुटतं. ओढाताण करावी लागली तर ते अजून तयार नाही.

तिसरी खूण आत असते. एक फळ कापून बिया बघा. पूर्ण तपकिरी बिया ही पिकल्याची चांगली निशाणी आहे, पांढऱ्या बिया म्हणजे घाई झाली. चवीत पिठाळ, जीभ आवळणारी भावना आली तर त्यातल्या स्टार्चची साखर अजून पुरती झालेली नाही. उशिरा येणारी कडक फळं साठवणीत थोडी गोड होतात हे खरं, पण अगदी कच्चं तोडलेलं फळ शेवटपर्यंत बेचवच राहतं.

झाडाची बाहेरची, ऊन लागणारी बाजू आधी पिकते, खोडाजवळची नंतर. म्हणून बाहेरून आत जा. रांगेच्या तोंडाशी असलेली झाडं सगळ्यांनी आधीच चाचपलेली असतात, थोडं पुढे चालत गेलात तर चांगली फळं हाताच्या उंचीवरच मिळतात.

चाखायची परवानगी आहे का, हे आधी विचारा. असेल तर एकच फळ घ्या, पाण्यानं धुवा आणि सगळ्यांत वाटून खा. एक घास घेऊन फळ गवतात फेकायची सवय मुलांना लागू देऊ नका. ते शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक आहे.

टप्पा ५: तोडणं

१. फळ बोटांच्या टोकांनी धरू नका, तळहातात घ्या. बोटांचे दाब दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग होऊन दिसतात. मॅकिंटॉश आणि गोल्डन डिलिशस याबाबतीत फार नाजूक.

२. फळ वर, आकाशाकडे उचला आणि हलकेच फिरवा. खाली ओढू नका. ओढल्यावर फांदी झटका खाते आणि शेजारची पिकलेली फळं गळतात.

३. देठ फळाला राहू द्या. देठ उपटला गेला की तिथे जखम होते आणि सड तिथूनच सुरू होते.

४. देठासोबत पानांचा झुबका किंवा आखूड काडी तुटून येत असेल तर थांबा. त्या आखूड काडीवर पुढच्या वर्षीची कळी असते.

५. पिशवीत फळ टाकू नका, ठेवा.

आजच्या बागांतली बहुतेक झाडं बुटकी असतात, मुळं उथळ असतात आणि खोड तारेला किंवा खांबाला बांधलेलं असतं. फोटोसाठी मूल फांदीवर बसवलं तर फांदीच नव्हे, अख्खं झाड कलू शकतं. झाड हलवूही नका. उंचावरच्या फळासाठी फार्मवर लांब दांड्याची झेलणी मिळते, ती मागून घ्या.

*सावधान:* जमिनीवर पडलेलं फळ कितीही स्वच्छ दिसलं तरी घेऊ नका. बागेत हरणं आणि इतर प्राणी फिरतात, त्यांच्या विष्ठेतून ई. कोलायसारखे जिवाणू फळावर येतात. मार लागलेल्या फळात बुरशी शिरते आणि काही बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करतात. तुमच्या हातून निसटून पडलेलं फळही वेगळं ठेवा. त्याला मार लागलेला असतो, ते साठवणीत जाता कामा नये.

टप्पा ६: फार्मवरून घरापर्यंत

या टप्प्याचा विचार जवळजवळ कोणीच करत नाही. सकाळी दहाला तोडणी होते, मग डोनट, मक्याच्या शेतातला चक्रव्यूह, जेवण, आणि या सगळ्या वेळात फळं बंद गाडीच्या डिकीत तापत राहतात. सप्टेंबरच्या उन्हात तिथे चांगलाच उकाडा होतो, आणि त्या काही तासांत फळाचं आयुष्य बरंच कमी होतं.

क्रम बदला. आधी खेळ आणि खाणं, तोडणी सगळ्यात शेवटी. ते जमत नसेल तर पिशव्या सावलीत ठेवा. पिशवीवर पिशवी रचू नका, डिकीत एका थरात ठेवा.

फार्मवर साइडर घेताना दोन गोष्टी बघा. इथे साइडर म्हणजे गाळून स्वच्छ न केलेला सफरचंदाचा रस, त्यात मद्य नसतं. 'हार्ड साइडर'मध्ये मात्र असतं आणि दोन्ही शेजारी शेजारी विकली जातात. उपवास असलेल्या किंवा मद्य न घेणाऱ्या मोठ्यांसाठी बाटली घेताना लेबल वाचा. दुसरं म्हणजे पाश्चराइझ केलेला, म्हणजे जंतू मारण्यासाठी तापवलेला, आहे का, ते विचारा. न केलेल्या रसाच्या बाटलीवर इशारा छापणं बंधनकारक आहे, पण ग्लासातून मिळणाऱ्या रसाला लेबल नसतं. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी पाश्चराइझ न केलेला रस घेऊ नये.

टप्पा ७: निवड आणि साठवण

सगळ्या लेखातला हा भाग सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त फळं इथेच खराब होतात.

*आधी निवडा.* घरी आल्यावर त्याच दिवशी फळं टेबलावर पसरा आणि तीन गट करा:

- देठ असलेली, डाग नसलेली, कडक: साठवणीला.
- देठ तुटलेली, किंचित दबलेली, फार मोठी: पहिल्या आठवड्यात खायला. मोठं फळ लहानापेक्षा लवकर मऊ पडतं.
- मार लागलेली, भोक असलेली: दोन दिवसांत शिजवायला.

एक नासका आंबा अढी नासवतो हे आपल्याला माहीत आहे, तेच इथेही लागू. सडणारं फळ इथिलीन वायू जास्त सोडतं आणि शेजारच्यांना झपाट्यानं पिकवतं, शिवाय बुरशी पसरते ती वेगळीच.

*धुवू नका.* सफरचंदावर निसर्गतः एक मेणासारखा थर असतो. फार्मच्या फळावर दिसणारी धुरकट पांढुरकी झाक बहुधा तोच. तो आतलं पाणी धरून ठेवतो. फळ धुऊन पुसून ठेवलं की हा थर निघतो, देठाच्या खळग्यात ओल राहते आणि तिथे बुरशी धरते. पावसात तोडलेली फळं असतील तर फक्त पसरून, वाऱ्यावर कोरडी करा.

*थंड करा, लगेच.* सफरचंदाला ० ते २ अंश सेल्सिअस, म्हणजे ३२ ते ३५ अंश फॅरनहाइट तापमान सर्वांत मानवतं. घरचा फ्रिज साधारण ३७-३८ अंश फॅरनहाइटवर असतो, तेवढं पुरेसं आहे. खोलीच्या उबेत फळ कित्येक पट वेगानं मऊ पडतं. म्हणून 'फ्रिज भरलाय, रविवारी जागा करू' असं करू नका, जागा निघायच्या आदल्या दिवशी करा. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवूही नका. तिथे फळ गोठलं तर आतून तपकिरी होऊन जातं.

*ओल धरून ठेवा.* फ्रिजची हवा कोरडी असते, उघडं फळ सुरकुततं. प्लॅस्टिकच्या पिशवीला सुरीनं दहा-बारा भोकं पाडा, त्यात फळं ठेवा, तोंड सैल दुमडा आणि तळाच्या कप्प्यात ठेवा. पिशवीच्या आत पाण्याचे थेंब साचताना दिसले तर आणखी भोकं पाडा.

*शेजार बघा.* सफरचंदाच्या इथिलीननं कोथिंबीर आणि पालक पिवळे पडतात, काकडी लवकर उतरते, गाजर कडवट होतं. एक कप्पा फक्त सफरचंदांना द्या आणि भाज्या दुसऱ्या कप्प्यात ठेवा. उलट कांदा, लसूण, बटाटा यांचा वास सफरचंद पटकन घेतं, त्यामुळे गॅरेजमध्ये कांद्या-बटाट्याच्या शेजारी पिशवी ठेवू नका.

*हनीक्रिस्पचा अपवाद.* या वाणाला एकदम कडक थंडी सोसत नाही. लगेच फ्रिजमध्ये घातलं तर सालीवर तपकिरी, मऊ पट्टे उमटू शकतात. व्यापारी साठवणीत ते आधी सुमारे ५० अंश फॅरनहाइटला पाच-सात दिवस ठेवून मग थंड करतात. घरी तळघरात किंवा थंड पोर्चमध्ये आठवडाभर ठेवून मग फ्रिजच्या कमी थंड कप्प्यात ठेवा. त्याच्या सालीखाली बारीक खोलगट तपकिरी ठिपके दिसले तर तो कॅल्शियमच्या कमतरतेचा दोष आहे. तेवढा भाग कापून फळ खायला हरकत नाही.

असं ठेवलं तर पॉला रेड दोन-तीन आठवडे, मॅकिंटॉश महिना-दीड महिना, एम्पायर आणि गाला दोन महिने किंवा अधिक, तर फुजी, नॉर्दर्न स्पाय, मुत्सू, ग्रॅनी स्मिथ तीन महिने आणि कधीकधी त्याहूनही पुढे चांगली राहतात.

*तपासा:* दर रविवारी पिशवी रिकामी करून प्रत्येक फळ बघा. मऊ वाटणारं पुढे काढा. फुजी कापल्यावर गाभ्याजवळ काचेसारखा पारदर्शक भाग दिसला तर घाबरू नका. ते गोडच असतं, पण त्या झाडाची फळं फार दिवस टिकणार नाहीत, ती आधी संपवा.

टप्पा ८: धुणं आणि खाणं

*धुणं.* खायच्या वेळी, खायचं तेवढंच धुवा. नुसतं पाण्याखाली धरून चालत नाही, वाहत्या पाण्यात हातानं चोळा. देठाचा खळगा आणि खालचा भाग विसरू नका. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये गाला सफरचंदांवर झालेल्या अभ्यासात १ टक्का खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर तपासलेल्या दोन कीटकनाशकांचे पृष्ठभागावरचे अंश निघून गेले. सालीत मुरलेला भाग मात्र राहिला. १ लिटर पाण्यात साधारण २ लहान चमचे सोडा, इतकं प्रमाण घ्या आणि नंतर साध्या पाण्यानं धुवा. साबण वापरू नका.

*साल ठेवा.* १८० ग्रॅमच्या मध्यम सफरचंदात सालीसकट सुमारे ९५ कॅलरी, १९ ग्रॅम साखर आणि ४.४ ग्रॅम तंतू असतात. साल काढली की तंतू जवळपास निम्मे होतात. क्वेर्सेटिनसारखी द्रव्यं तर मुख्यतः सालीतच असतात. तंतूंपैकी पेक्टिन पाण्यात विरघळतं, पोटात घट्ट होतं, साखरेचं शोषण मंदावतं आणि वाईट कोलेस्टेरॉल उतरायला थोडी मदत करतं. सफरचंदाचा खरा आरोग्यलाभ इथेच आहे. दात नसलेल्या आजी-आजोबांसाठी साल काढण्याऐवजी पातळ काप करा किंवा सालीसकट वाफवा.

*रस काढू नका.* एक कप सफरचंदाच्या रसात सुमारे २४ ग्रॅम साखर असते आणि तंतू जवळजवळ नसतातच. पेन स्टेट विद्यापीठाच्या २००९ च्या प्रयोगात जेवणाआधी अख्खं सफरचंद खाल्लेल्यांनी, काहीच न खाल्लेल्यांच्या तुलनेत, जेवणात सुमारे १५ टक्के कमी कॅलरी घेतल्या. रसानं तेवढा परिणाम झाला नाही. मधुमेह असलेल्यांनी तर रस टाळावाच. अख्खं फळ मूठभर शेंगदाण्यांसोबत, दोन जेवणांच्या मधल्या वेळी खावं. नवरात्र याच दिवसांत येतं. उपवासाला नुसतं सफरचंद खाल्लं की तासाभरात भूक लागते, दाणे किंवा दही सोबत असलं की पोट धरून राहतं.

*काही समजुती बाजूला ठेवा.* कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं म्हणजे त्यात लोह भरपूर, असं आपल्याकडे घरोघरी सांगितलं जातं. तो रंग फळातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे), हवेशी संयोग होऊन येतो. १०० ग्रॅम सफरचंदात लोह जेमतेम ०.१ मिलिग्रॅम असतं, त्यामुळे रक्त कमी असलेल्या मुलीला लोहासाठी सफरचंद देऊन भागत नाही. क जीवनसत्त्वही अख्ख्या फळात ८ मिलिग्रॅमच्या आसपास. पेरू त्याच्या कितीतरी पुढे आहे. आणि रोज सफरचंद खाल्लं की डॉक्टरकडे जावं लागत नाही, ही म्हण अमेरिकेत २०१५ मध्ये आकडेवारीवर तपासली गेली. डॉक्टरकडच्या फेऱ्या त्यानं कमी झाल्याचं दिसलं नाही. रोजच्या खाण्यातलं एक चांगलं, तंतुमय फळ म्हणून ते खा. औषध म्हणून नको.

*सावधान:*

- चार वर्षांखालच्या मुलांना कच्च्या सफरचंदाच्या फोडी देऊ नका, घशात अडकतात. किसून किंवा शिजवून द्या.
- कच्चं सफरचंद खाल्ल्यावर तोंडात, घशात खाज येत असेल तर ती बर्च झाडाच्या परागकणांच्या ॲलर्जीशी जोडलेली असू शकते. शिजवलेलं फळ अशा लोकांना बहुधा चालतं. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच वैद्यकीय मदत घ्या.
- शरद ऋतूतल्या ॲलर्जीसाठी फेक्सोफेनाडिन घेत असाल तर ती गोळी पाण्याबरोबरच घ्या. सफरचंदाच्या रसानं तिचं शोषण घटतं.
- ज्यांना वारंवार पोट फुगण्याचा त्रास आहे, त्यांनी अर्ध्या फळानं सुरुवात करावी. त्यातलं फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल काहींना सोसत नाही.
- एखादी बी गिळली गेली तर काही होत नाही. स्मूदी करताना मात्र गाभा आणि बिया काढा. बिया चुरडल्यावर त्यांतल्या अमिग्डॅलिनपासून सायनाइड तयार होतं.

डब्यात कापलेलं सफरचंद द्यायचं असेल तर कॉर्टलंड निवडा, ते उशिरा काळं पडतं. कोशिंबिरीलाही तेच उत्तम.

टप्पा ९: मऊ पडू लागलेल्या फळांचं काय

बुरशी धरलेलं किंवा मऊ सडलेलं फळ अख्खं टाका. नुसता वरचा भाग कापून उरलेलं शिजवू नका, पॅट्युलिन शिजवून पूर्ण जात नाही. फक्त दबलेलं किंवा सुरकुतलेलं असेल तर ते स्वयंपाकात घ्या.

*मेथांबा, आंबट कडक फळांचा.* इथे बाराही महिने कैरी मिळत नाही. ग्रॅनी स्मिथ तिची जागा बऱ्यापैकी घेतं. अर्धा किलो फळांच्या सालीसकट मोठ्या फोडी करा. दोन चमचे तेलात मोहरी, एक लहान चमचा मेथीदाणे, हिंग, हळद घाला. मेथी लालसर होताच फोडी घाला, करपली तर सगळा मेथांबा कडू होतो. मीठ, तिखट आणि पाव कप पाणी घालून दोन मिनिटंच झाकण ठेवा आणि लगेच २०० ग्रॅम गूळ घाला. कैरीला आपण आधी शिजवतो, मग गूळ घालतो. सफरचंदाला तसं केलं तर लगदा होतो, गूळ लवकर पडला की फोडी अखंड राहतात. पाच-सात मिनिटांत रस दाट होईल. उतरवून अर्धं लिंबू पिळा. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा. मॅकिंटॉश यासाठी वापरू नका, ते क्षणात विरघळतं.

*गर, मऊ फळांचा.* मॅकिंटॉशचा हा उपयोग सर्वोत्तम. गाभा काढून, सालीसकट, थोड्याशा पाण्यात मंद आचेवर १५-२० मिनिटं शिजवा आणि चाळणीतून घासून घ्या. सालीमुळे गराला गुलाबी रंग येतो. साखर घालू नका. बाळाला भरवायला, ओटमध्ये कालवायला, किंवा घारग्यांच्या पिठात भोपळ्याच्या किसाऐवजी तो चालतो. घारग्यांसाठी आधी आटवून घट्ट करा, नाहीतर पीठ सैल होऊन तेल पितं.

गर पूर्ण थंड झाल्यावर एक-एक कपाच्या पिशव्या भरा, वर बोटभर जागा सोडा, कारण गोठल्यावर तो फुगतो. आडव्या करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि प्रत्येक पिशवीवर वाण व तारीख लिहा. बाहेर काढल्यावर फ्रिजमध्येच वितळू द्या आणि तीन-चार दिवसांत वापरा.